टाकाऊ विकत घेणाऱ्यांस

पेणच्या आणि रोह्याच्या बाजारात अलीकडे एक नवाच जिन्नस विकायला आला आहे. त्याचे नाव टाकाऊ वस्तू. वह्या-पेन्सिलींच्या दुकानात जाऊन नुसते ‘प्रोजेक्टचे सामान’ म्हटले की दुकानदार एक पारदर्शक पिशवी पुढे टाकतो. तिच्यात आइस्क्रीमच्या काड्या असतात. मात्र आइस्क्रीम त्यांना जन्मात शिवलेले नसते. कागदी पेले असतात. त्यांतून कोणी घोटभर चहा प्यालेला नसतो. पुठ्ठ्याची नळकांडी असतात. त्यांवर कधी काही गुंडाळलेले नसते. ही सारी कोरी करकरीत अडगळ रोख पैसे मोजून घरी न्यायची, तिला चकाकी फासायची आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ या मथळ्याखाली शाळेत नेऊन ठेवायची, असा हा व्यवहार आहे. गिऱ्हाईक बहुधा रात्री साडेआठनंतर येते. दुकान बंद व्हायच्या वेळी हातात फोन धरून घाईघाईने पायरी चढणारी बाई दिसली, की समजावे, उद्या कुठल्या तरी शाळेत काहीतरी ‘डे’ आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस हा ‘डे’ हॅलोविनचा असतो. मुंबई-पुण्याच्या शाळांतून निघालेली ही लाट पनवेलची खाडी ओलांडून आमच्याकडे पोहोचली, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. आता पहिली-दुसरीतल्या मुलांना चेटकिणी, वटवाघळे आणि सांगाडे होऊन यायला सांगतात. आणि संदेशाच्या खाली, मनाचे समाधान म्हणून की काय, एक ओळ असते: ‘वेशभूषा घरातील टाकाऊ वस्तूंपासून बनवावी.’ माझे भांडण आहे ते या शेवटच्या ओळीशी.

हा लेख हॅलोविनच्या विरुद्ध आहे असे समजून ज्या संस्कृतिरक्षकांनी बाह्या सरसावल्या असतील, त्यांनी त्या पुन्हा खाली कराव्यात. ज्या कोकणात प्रत्येक पिंपळाला मुंजा आहे, प्रत्येक जुन्या विहिरीला तिची तिची हडळ आहे, त्या कोकणात आयर्लंडचे एखादे भूत आले तर त्याला टेकायला जागा मिळणे कठीण. आमची संस्कृती बुडवणे तर दूरच राहिले. शिवाय परके म्हणून वस्तू नाकारायची ठरवली, तर एकादशीच्या फराळातून बटाटा, मिरची आणि साबुदाणा ही तिन्ही उचलावी लागतील. तिघांचेही मूळ अमेरिका खंडातले. ते आपल्याला पचले, तसा हॅलोविनही पचेल.

आणि मुळात हा सण आपल्याला वाटतो तितका परका नाही. एक नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळचा हा खेळ. आयर्लंड-स्कॉटलंडमधली शेतकऱ्यांची पोरे सलगमासारखे कंद कोरून त्यांत निखारा किंवा मेणबत्तीचा तुकडा ठेवीत. बापाचा जुना कोट उलटा घालायचा, तोंडाला काजळी फासायची, दारोदार जाऊन गाणे म्हणायचे आणि सफरचंदे नाहीतर अक्रोड-बदाम मागायचे. ही मंडळी अमेरिकेत गेली, तिथे सलगमाच्या जागी भोपळा मिळाला. तो मोठा आणि कोरायला सोपा. या साऱ्यात एका पैचीही खरेदी नव्हती. आता आपला शिमगा आठवा. सोंगे निघतात, दारात नाचतात, पोस्त मागतात आणि पोस्त मिळाले नाही तर घरधन्याच्या नावाने जो काही उद्धार होतो तो दिवाळी अंकात छापण्याजोगा नसतो. रत्नागिरीकडचा संकासूर काळा झगा, डोक्याला उंच टोपी आणि कमरेला घुंगरू बांधून पोरांच्या मागे धावतो. आयर्लंडच्या पोराला त्या दिवशी गुहागरात आणून सोडले असते तर त्याला एकही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

2024 साली तर 31 ऑक्टोबर आणि आपली नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली. ज्या पहाटे आपण उटणे लावून, कारीट अंगठ्याखाली फोडून, ‘नरकासुर मेला’ म्हणालो, त्याच पहाटे गोव्यात गावोगाव नरकासुराचे पुतळे जळले आणि त्याच संध्याकाळी अमेरिकेत भोपळे पेटले. गोव्याचा हा नरकासुर म्हणजे टाकाऊतून केलेल्या भुताचा थेट नमुना. आत बांबूचा सांगाडा आणि गवत, त्यावर रद्दी, अंगात कोणाची तरी टाकलेली पाटलोण आणि तोंडाला कागदाच्या लगद्याचा मुखवटा. वाड्यावरच्या पोरांनी चार-आठ रात्री जागून केलेला आणि पहाटे जाळलेला. तिथेही आता बक्षिसांच्या स्पर्धा लागल्या, मुखवटे बाजारात तयार मिळू लागले, रात्रभर कर्णे कोकलू लागले. पुतळा जळतो, लोखंडी सांगाडा मात्र रस्त्याकडेला पडून राहतो. कारण लोखंड भाड्याच्या ट्रकमधून येते. पोरांच्या घरातून येत नाही.

अमेरिकेतही हेच झाले होते. डेनिसन नावाच्या कागद-कंपनीने 1909 साली हॅलोविनच्या सजावटीची पुस्तिका काढली. हेतू अर्थातच आपला क्रेप कागद खपवण्याचा. निदान त्या पुस्तिकेत कागद कापून-शिवून पोशाख करायला तरी सांगितले होते. पुढे 1930 नंतर बेन कूपर वगैरे कंपन्या खोक्यात भरलेला अख्खा पोशाख विकू लागल्या, वर मुखवटा, खाली झगा. मुलाने करायचे काम एवढेच उरले की खोके उघडायचे. त्याच देशात 1950 साली फिलाडेल्फियाच्या एका पाद्र्याने आणि त्याच्या बायकोने मुलांच्या हाती दुधाची रिकामी खोकी दिली. ती रंगवून मुले दारोदार गेली आणि जगातल्या गरीब मुलांसाठी नाणी गोळा करून आली. पहिल्या वर्षी जमले सतरा डॉलर. ते युनिसेफकडे गेले आणि त्या रिकाम्या खोक्यातून पुढे देशभरची चळवळ उभी राहिली. आमच्या शाळांनी हॅलोविन उचलला तो नेमका खोके उघडण्याचा. दुधाच्या खोक्याचा त्यांना कोणी सांगितलाच नाही.

आता त्या ‘टाकाऊ’ शब्दाकडे वळतो. माझे म्हणणे असे आहे की आपल्या घरांत ही वस्तूच नव्हती. लुगड्याचे आयुष्य पाहा. नवे असताना ते सणावारी नेसायचे, मग रोज. मधे विरले की फाडून, कडा जोडून, दांड घालायचा. दांडही टिकेना झाला की त्याची गोधडी, चांगल्या तुकड्यांची बाळाला दुपटी, उरल्यासुरल्याचे पोतेरे. आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की चुलीच्या तोंडाशी. यात टाकण्याची पायरी कुठे आली? सोंगासाठी पोराने आजीचे लुगडे घेतले तर ते टाकाऊ म्हणून घेतलेले नसे. ते उसने घेतलेले असे. संध्याकाळी घडी करून परत द्यावे लागे आणि काट्याला अडकून फाटले असेल तर पाठीत धपाटा मिळे.

दिवाळीचा किल्ला हेच सांगतो. रोह्याची पोरे मान वर करून अवचितगड पाहतात आणि अंगणात तोच उभा करतात. पेणची पोरे सांकशीचा करतात, किंवा ज्याचे चित्र पुस्तकात आहे तो रायगड. विटा बांधकामाच्या ढिगातल्या. गोणपाट भाताच्या पोत्याचा. माती परसातली. वर पेरायला आईच्या डब्यातले चिमूटभर अळीव आणि मोहरी. दिवाळी झाली की विटा ढिगात, गोणपाट धुऊन वळणीवर, माती अळवाच्या वाफ्यात आणि मावळे कोंड्यात घालून डब्यात, पुढच्या वर्षापर्यंत. आकाशकंदिलाच्या कामट्यांचा सांगाडा माळ्यावर जाई. दरवर्षी बदले तो फक्त पतंगी कागद. जुलै 2025 मध्ये रायगड आणि खांदेरी धरून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याचा आनंद आम्ही शाळेत साखर वाटून केला. पण त्याच वर्षीच्या दिवाळीत तयार साच्याचे प्लास्टिकचे किल्ले विकायला होते. हा वारसा कोणत्या यादीत घालावा ते मला सुचले नाही.

पेणला राहणाऱ्याला हे निराळे सांगावे लागू नये. इथे गावच्या गाव या विद्येवर जगते. हमरापूर, जोहे या बाजूला कोणत्याही कारखान्यात जाऊन पाहा. शाडूची मूर्ती सुकताना तडकली, तर कारागीर कपाळाला हात लावून बसत नाही. ती पाण्याच्या पिंपात सोडतो. सकाळी तिची पुन्हा माती झालेली असते आणि त्याच मातीचा दुपारी दुसरा गणपती होतो. प्लास्टरला ही परतीची वाट नाही. ते एकदा घट्ट झाले की फुटेल, पण पुन्हा माती होणार नाही. (मे 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्ती नकोत असे सांगितल्यापासून न्यायालयात जे चालले ते पेणकरांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. हजारो चुली त्यात गुंतल्या आहेत. मी या लेखात त्या वादात शिरत नाही.) थर्माकोलच्या मखरांवर मार्च 2018 मध्ये राज्य सरकारने बंदी आणली, तेव्हा घरोघर जुन्या साड्या, पुठ्ठे आणि सुपाऱ्यांच्या पोफळी माळ्यावरून खाली आल्या. मखर उभे राहिले. गौरी-गणपती गेले आणि साड्या पेटीत परतल्या.

आता शाळेच्या त्या टिकाऊ वस्तूचे पुढे काय होते ते पाहू. घरात शीतपेयाची एक प्लास्टिकची बाटली आहे असे धरा. ती तशीच ठेवली असती तर भंगारवाल्याने घेतली असती, वजनावर का होईना तिला मोल होते, ती वितळून पुन्हा कशात तरी आली असती. ‘टाकाऊतून टिकाऊ’ करायला आपण तिला काळा रंग दिला, गरम गोंदाने थर्माकोलचे डोळे चिकटवले, चकाकी फासली आणि लोकरीचे केस लावले. तिचे भूत झाले. भूत चार दिवस शाळेच्या बाकावर राहिले, पाचव्या दिवशी शिपाईमामांनी ते उचलून कचऱ्यात टाकले. आता भंगारवाला त्याकडे बघत नाही. रंग, गोंद, लोकर, थर्माकोल यांची फारकत करीत कोण बसणार? ज्या बाटलीला उद्या होता, तिचा उद्या आपण पर्यावरणाच्या नावाने काढून घेतला; वर त्यावर गुण दिले.

आणि गुण कोणाला दिले? माझ्याकडे शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव हे तास आहेत. मला विद्यापीठाची पदवी नाही, पण सातवीच्या मुलाने मारलेला टाका आणि त्याच्या आईने मारलेला टाका यांतला फरक मला लांबूनही कळतो. शाळेत येणाऱ्या वस्तूंपैकी पुष्कळशा आयांनी केलेल्या असतात. धाटावच्या कारखान्यातली पाळी संपवून, भाकऱ्या थापून, मग रात्री अकराला वटवाघळाचे पंख कापत बसलेली बाई मी पाहिली आहे. पोर शेजारी झोपलेले असते. सकाळी ते पंख लावून जाते आणि बक्षीस आणते. या गोष्टीला आपण मुलांच्या सर्जनशीलतेला वाव देणे म्हणतो.

आमच्याच भागातल्या एका शाळेत, नाव घेत नाही, अशी स्पर्धा होती. मी प्रेक्षकांत होतो. पहिले बक्षीस गेले मुंबईहून कुरिअरने आलेल्या पोशाखाला. त्यावर घरी दोन वर्तमानपत्रे चिकटवली होती, तेवढ्याने तो टाकाऊत बसला. त्याच रांगेत तिसरीतला एक मुलगा बुजगावणे होऊन उभा होता. बापाचा विरलेला शर्ट, बाह्यांतून बाहेर आलेला भाताचा पेंढा, दोन्ही हातांत आडवी काठी आणि डोक्यावर काळे मडके, चुन्याने डोळे-दात काढलेले. मडक्याला भोक पाडून त्यातून तो बघत होता. पोरे त्याला पाहून खरोखर घाबरली, आणि हॅलोविनमध्ये दुसरे काय हवे असते? त्याला उत्तेजनार्थही काही मिळाले नाही. मी परीक्षकांना कारण विचारले. ते म्हणाले, ‘फिनिशिंग नाही, आणि बुजगावणे थीममध्ये बसत नाही.’ अमेरिकेत हॅलोविनच्या दिवसांत दारोदारी बुजगावणी उभी करतात, हे त्या विद्वानांच्या गावीही नव्हते. मुलाने काठी खाली ठेवली, मडके उतरवले, पेंढा झटकून गोळा केला आणि घरी गेला. शर्ट दुसऱ्या दिवशी बापाच्या अंगावर शेतात होता. साऱ्या स्पर्धेत टाकाऊ न झालेली वस्तू तेवढी एकच.

‘पण शाळेत हे करायला वेळ कुठे आहे?’ असे माझे सहकारीच विचारतात. कोठारी आयोगाने 1964 ते 66 या काळात कार्यानुभवाची शिफारस केली, त्याआधी 1937 साली वर्ध्याला गांधींनी हातातल्या कामातून शिक्षण मांडले. तेव्हापासून या तासाला वेळापत्रकात जागा आहे. तो तास गणिताला उसना दिला जातो, ही गोष्ट वेगळी. ‘साधने कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्यांना मी ताराबाई मोडकांकडे बोट दाखवतो. 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाड्या चालवल्या, त्या महागड्या मॉन्टेसरी साधनांनी नव्हे. बिया, शिंपले, खडे आणि पाने यांनी. आमच्या काळात अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्यावर अख्खी भूमिती उभी केली आणि ती खेळणी पुन्हा सुटी करता येतात. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. आमच्या दुकानातल्या पिशवीवर मात्र त्यांची सावलीही पडलेली नाही.

दुकानदाराच्या पोटाचा प्रश्न राहिला. त्याने पतंगी कागद विकावा, सुतळी विकावी, सुई विकावी. मी त्याचे गिऱ्हाईक आहे आणि राहीन. फक्त त्याने मला कचरा विकू नये. तो मी स्वतः करू शकतो.

आता ज्यांना खरेच मुखवटा करायचा आहे, हॅलोविनसाठी, शिमग्यासाठी किंवा उगीच, त्यांच्यासाठी कृती सांगतो. पाटावर ओल्या मातीचा तोंडाएवढा उंचवटा करा आणि नाक, भुवया, गाल मुलाला त्याच्या बोटांनी काढू द्या. वाकडे नाक भुताला शोभते. मोठ्यांनी हात लावू नये. त्यावर वर्तमानपत्राचे बोटभर तुकडे नुसत्या पाण्यात भिजवून पहिला थर बसवा; या थराला खळ लावायची नाही, नाहीतर मुखवटा मातीवरून सुटत नाही. मग कणकेची किंवा मैद्याची खळ शिजवून पुढचे थर द्या. कागद कापू नका, फाडा. फाडलेली कड दुसऱ्या कागदात मुरते, कापलेली उचलते. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा जुन्या वहीच्या पांढऱ्या पानांचा, असे आलटून पालटून दिले की कुठला भाग राहिला ते दिसते. असे सात-आठ थर झाले की सावलीत वाळू द्या. उन्हात ठेवलात तर मुखवटा वाकतो आणि भुताला अर्धांगवायू होतो. बुकबाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. मुलांच्या हातची खळ असेल तर ते विष मुळीच घालू नये. वाळला की माती खरवडून पुन्हा पिंपात टाका. रंगाला काजळी आहे, गेरू आहे, चुना आहे, हळद आहे. हळदीत चुन्याचे दोन थेंब पडले की ती लालभडक होते. हे पाहून दरवर्षी वर्गात एकच ओरडा होतो, आणि हा रसायनाचा धडा कोणाला पाठ करावा लागत नाही. केसांना नारळाचा काथ्या. बांधायला सुतळी. अंगावर घरातले जे असेल ते, पण ते मागून घेतलेले आणि परत द्यायचे.

माझ्या वर्गात हा खेळ तीन अटींवर चालतो. काही विकत आणायचे नाही. घरून आलेली वस्तू घरी जाईल अशा रीतीने वापरायची. म्हणजे बांधायची, टाचायची, पण गरम गोंदाने चिकटवायची नाही. आणि गुण नाहीत, नंबर नाही. तिसऱ्या अटीवर पालक सर्वांत जास्त नाराज असतात. एका गृहस्थांनी मला विचारले, ‘सर, मग मुलाने हे करायचे तरी कशाला?’ मी त्यांना वर्गात बोलावले. ते तासभर उभे राहिले, मग बाकावर बसले, मग कागद फाडू लागले.

पालकांना एकच विनंती आहे. सुटी संपल्यावर मुलाबरोबर आठवड्याची रद्दी, वाटीभर कणीक आणि परत हवा असलेला एखादा जुना सदरा पाठवावा. मुखवटे झाल्यावर पातेल्यात खळ उरतेच. तिच्यात मी शाळेच्या वाचनालयातली सुटी झालेली पाने जोडून घेतो. तेव्हा घरात पाठ निसटलेली पुस्तके असतील तर तीही त्याच पिशवीत घालावीत.